संस्था टिकते कशानें?



आपल्या शहरांतील एखाद्या जुन्या पेठेंतून किंवा नव्या वसाहतींतून अर्धा तास फेरफटका मारला, तर निदान पांचसहा तरी पाट्या दृष्टीस पडतात. कोठें मोफत वाचनालय, कोठें महिला मंडळ, कोठें गरीब विद्यार्थ्यांची अभ्यासिका, तर कोठें रुग्णांस लागणारें साहित्य उसनें देणारें केंद्र. यांपैकीं कांहीं पाट्यांचा रंग ताजा असतो. कांहींवरील अक्षरें पुसत आलेलीं असतात आणि दाराला कुलूप असतें. त्या कुलपाकडे पाहून ‘लोकांत पूर्वीचा उत्साह राहिला नाहीं’ असें आपण म्हणतों आणि पुढें जातों. मला वाटतें, पुष्कळ ठिकाणीं हें निदान चुकीचें असतें. उत्साह होता, आणि भरपूर होता. परंतु तो एकदोन व्यक्तींच्या ठिकाणीं साठलेला होता. त्या व्यक्ति थकल्या, परगांवीं गेल्या किंवा निवर्तल्या, तेव्हां त्यांच्याबरोबर संस्थेची शक्तीहि गेली. ही शक्ति व्यक्तीच्या ठिकाणाहून संस्थेच्या ठिकाणीं कशी आणावी, याचा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

विषय हिशेबी आहे, हें मी आधींच कबूल करतों. परंतु दोन खोल्यांच्या घरांत सहा माणसें राहत असलीं, म्हणजे दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलीला रात्रीं आठ वाजतां निवांत बसावयास जागा कोठून मिळणार? ती जागा तिला पेठेंतील अभ्यासिका देते. अभ्यासिका बंद पडली तर वर्तमानपत्रांत बातमी येत नाहीं, निषेधाची सभा भरत नाहीं. ती मुलगी मुकाट्यानें घरीं बसते, एवढेंच. लहान संस्था मेली म्हणजे तिची किंमत अशा माणसांस द्यावी लागते, कीं ज्यांना तक्रार करावयास ठिकाणच नसतें. म्हणून हा हिशेब करणें अगत्याचें आहे.

प्रथम आपल्याच इतिहासाकडे पाहूं. १८८० च्या आरंभीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक प्रभृति तरुणांनीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें. दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८८२ च्या मार्चमध्यें, विष्णुशास्त्री वारले. त्या वेळीं त्यांस बत्तिसावें वर्ष चालू होतें. त्याच वर्षीं टिळक व आगरकर या दोघांस कोल्हापूर प्रकरणीं १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. १८९० मध्यें मतभेद विकोपास जाऊन टिळक संस्थेबाहेर पडले. १८९२ मध्यें प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचें निधन झालें, आणि त्यांच्या जागीं आलेले आगरकर १८९५ मध्यें गेले. पंधरा वर्षांच्या अवधींत चार आधारस्तंभ नाहींसे झाले. तरी शाळा चालली, कॉलेज चाललें, आणि तीं आजहि चालू आहेत.

याचें कारण काय? तीं माणसें असामान्य होतीं, हें खरेंच. परंतु असामान्य माणसांच्या पश्चात् कोसळलेल्या संस्था काय थोड्या आहेत? येथें कारण निराळें होतें. या मंडळींनीं आजीव सभासदत्वाची पद्धति घालून दिली होती. अल्प वेतनावर सुमारें वीस वर्षें संस्थेची सेवा करण्याचें वचन द्यावयाचें, आणि वचन देणाऱ्या शिक्षकांनींच मिळून कारभार पाहावयाचा. त्यामुळें एक गेला तर त्याची जागा कोणी भरावयाची व कोणत्या अटींवर, हा प्रश्न शोकाच्या घटकेस नव्यानें उपस्थित होत नसे. टिळकांच्या जाण्यानें मोकळी झालेली गणिताची जागा १८९१ मध्यें एका अबोल गृहस्थानें घेतली. त्याचें नांव धोंडो केशव कर्वे.

कर्व्यांनीं ही पद्धति जवळून पाहिली होती. १८९६ मध्यें त्यांनीं अनाथबालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० मध्यें आश्रम पुण्याबाहेर हिंगणें येथें नेला. कॉलेजांतील काम उरकून हिंगण्यास पायीं जाणारे कर्वे सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या पायपिटीचें कौतुक करतांना त्यांनीं घेतलेल्या तीन निर्णयांकडे मात्र आपलें लक्ष जात नाहीं.

पहिला निर्णय मर्यादेचा. कर्व्यांनीं स्वतः १८९३ मध्यें पुनर्विवाह केला होता; पुनर्विवाहाच्या चळवळीचे ते कार्यकर्तेहि होते. असें असतां आश्रमाचें काम त्यांनीं विधवांच्या शिक्षणापुरतें ठेविलें. पुनर्विवाहाच्या प्रचाराशीं आश्रमाचा संबंध ठेविला नाहीं. जे वडीलधारे मुलीला शिकविण्यास कसेबसे तयार होते, परंतु पुनर्विवाहाचें नांव काढतांच दार लावून घेतले असते, त्यांच्या मुली या मर्यादेमुळें आश्रमांत येऊं शकल्या. एक प्रिय कार्य बाजूस ठेवावें, तेव्हां दुसरें तडीस जातें, असा हा हिशेब होता.

दुसरा निर्णय माणसांचा. १९०८ मध्यें निष्काम कर्ममठाची स्थापना झाली, ती संस्थांस आजन्म वाहून घेणारे सेवक निर्माण करण्यासाठीं. काम वाढेल तेव्हां माणसें शोधूं, असें न म्हणतां माणसें घडविणें हेंच एक काम मानलें गेलें. पार्वतीबाई आठवले आश्रमांत शिकल्या, आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि गांवोगांव हिंडून त्यांनीं आश्रमासाठीं निधि जमविला. आश्रयास आलेलीच आधार झाली.

तिसरा निर्णय नव्या कामाचा. कुमारिकांच्या शिक्षणाची निकड भासूं लागली, तेव्हां १९०७ मध्यें महिला विद्यालय निराळें काढलें. आश्रमाच्या अंगावर तें ओझें टाकलें नाहीं. विश्वविद्यालयाची कल्पना १९१५ मध्यें जाहीरपणें मांडली आणि १९१६ मध्यें अमलांत आणली. त्यापूर्वीं, १९१४ मध्यें, ते कॉलेजांतून निवृत्त झालेले होते. विश्वविद्यालयास सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लक्षांची देणगी लाभली ती १९२० मध्यें. म्हणजे काम आधीं उभें होतें, देणगी मागाहून आली. १९६२ मध्यें, वयाच्या १०५ व्या वर्षीं, महर्षि कर्वे निवर्तले. हिंगण्याची संस्था आणि विश्वविद्यालय हीं दोन्हीं आज आपलीं कामें करीत आहेत.

काय करावयाचें, काय करावयाचें नाहीं, कोणाच्या बळावर करावयाचें आणि आपल्यामागें कोणी चालवावयाचें, या चार प्रश्नांचीं उत्तरें आगाऊ ठरवून ठेवण्यास हल्लीं व्यवस्थापनशास्त्रांत ‘स्ट्रॅटेजिक प्लॅनिंग’ असें भारदस्त नांव आहे. आपण त्यास दूरदृष्टीची आखणी म्हणूं. ती करणें मोठ्यांचें काम, आमच्या चिमुकल्या संस्थेस ती काय करावयाची, असें पुष्कळ चालक म्हणतात. वस्तुस्थिति उलट आहे. ज्याच्यापाशीं विपुल आहे त्याच्या चार चुका खपून जातात. ज्याच्यापाशीं थोडें आहे त्यास एकच चूक पुरते. तुटपुंज्या मिळकतींत घर चालविणारी गृहिणी महिनाअखेरचा विचार पहिल्या तारखेस करते, तो याच कारणानें.

आतां एक संस्था केवळ उदाहरणादाखल डोळ्यांपुढें आणूं. पेठेंतील एक वाचनालय. त्यास जोडून तीस मुलांची अभ्यासिका. कार्यकारी मंडळांत अकरा सभासद. ग्रंथपाल व मदतनीस, दोघेहि अर्धवेळ. वर्षाची जमा ३,६०,००० रुपये; खर्च दरमहा २७,००० रुपये, म्हणजे वर्षास ३,२४,०००. शिल्लक ३६,०००. या संस्थेनें आखणी कशी करावी?

प्रथम हेतु एका वाक्यांत लिहावा. ‘समाजाची सर्वांगीण उन्नति’ हा हेतु संस्थेच्या घटनेंत शोभून दिसतो, परंतु त्यावरून उद्यां सकाळीं काय करावें तें कळत नाहीं. त्याऐवजीं, ‘या पेठेंतील आठवी ते बारावीच्या मुलांस रोज सायंकाळीं पांच तास शांत जागा व लागणारीं पुस्तकें मिळावीं’ असें लिहिलें, म्हणजे तें वाक्य मोजपट्टीचें काम देतें. आपण करीत असलेल्या प्रत्येक कामास ती लावून पाहावी. रांगोळी स्पर्धा, सहल, आरोग्यशिबिर, संगीताची रात्र; हीं कामें वाईट नव्हेत. परंतु तिघांच्या बळावर दहा कामें अंगावर घेतलीं, म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत होते. जें काम हेतूशीं जुळत नाहीं व दुसरी संस्था अधिक चांगलें करते, तें आनंदानें तिच्या स्वाधीन करावें.

मग आपल्यापाशीं काय आहे याची मोजदाद करावी. पैसा सगळेच मोजतात. वेळ कोणी मोजीत नाहीं. अकरांपैकीं नियमितपणें येणारे तिघे. प्रत्येकाचे आठवड्यास सहा तास धरले, तर अठरा तास झाले. पुस्तकांची निवड, हिशेब, पत्रव्यवहार, देणगीदारांच्या भेटी आणि अभ्यासिकेवरील देखरेख मिळून काम मात्र तीस तासांचें. बारा तासांची ही तूट कोणत्याहि ताळेबंदांत दिसत नाहीं. ती त्या तिघांच्या प्रकृतींत आणि त्यांच्या घरांतील कुरबुरींत दिसते. ती भरून काढण्याचे मार्ग दोनच. एक तर काम कमी करावें, नाहीं तर आठवड्यास तीन तास देणारीं आणखी चार माणसें मिळवावीं. ‘वेळ काढा हो’ अशी मोघम विनंती केली तर कोणी येत नाहीं. ‘दर बुधवारीं सहा ते नऊ अभ्यासिका सांभाळाल का?’ असें विचारलें तर येणारे निघतात.

पैशाच्या बाबतींत एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. समजा, एका सद्गृहस्थांनीं वडिलांच्या स्मरणार्थ पांच लक्ष रुपये देऊं केले आणि दुसरें दालन बांधा असें सांगितलें. सभेंत टाळ्या पडल्या, दालन बांधून झालें. आतां त्या दालनांत दिवे लागणार, पंखे फिरणार, झाडलोट करावी लागणार, एक माणूस नेमावा लागणार. हा वाढीव खर्च दरमहा ५,००० रुपये धरा. वर्षाचे ६०,००० झाले. पूर्वीं ३६,००० शिल्लक राहत होती. आतां २४,००० ची तूट येऊं लागली. देणगी आली आणि संस्था गरीब झाली! एकदांच येणारा पैसा आणि दरमहा करावयाचा खर्च, यांचीं खातीं मनांत निराळीं ठेविलीं पाहिजेत. शेंकडा सहा व्याज धरलें, तर वर्षास ६०,००० चें उत्पन्न येण्यास दहा लक्षांची ठेव लागते, हा हिशेब देणगीदारापुढें नम्रपणें ठेवावा. समंजस देणगीदार तो ऐकतो. न ऐकला, तर नकार देण्याचें धैर्य मंडळाच्या अंगीं असावें.

त्याचप्रमाणें गंगाजळी. सरकारी अनुदान हप्त्याहप्त्यानें येतें, वर्गणी सावकाश जमते. पगार मात्र महिन्याचा महिन्यास द्यावा लागतो. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे या संस्थेच्या बाबतींत १,६२,००० रुपये, हातीं असावे. सध्यांच्या शिल्लकेनें ते साठण्यास साडेचार वर्षें लागतील. दरमहा तीस रुपये देणारे पन्नास नवे वर्गणीदार मिळविले, तर वर्षास १८,००० ची भर पडून हेंच काम तीन वर्षांत होईल. पाहा, ‘संस्थेची आर्थिक स्थिति सुधारली पाहिजे’ हें वाक्य आणि ‘तीन वर्षांत गंगाजळी, त्यासाठीं पन्नास वर्गणीदार’ हें वाक्य, यांत केवढा फरक आहे! पहिलें ऐकून सभासद मान डोलावतात. दुसरें ऐकून आपल्या ओळखीचे पांच जण कोण, याचा विचार करूं लागतात.

यानंतर संस्थेच्या भिंतींबाहेर पाहावें. पेठेंतील मुलांची संख्या वाढते आहे कीं घटते आहे? तीं कागदाचीं पुस्तकें मागतात कीं संगणक मागतात? शिवाय कायदा आहे. आपल्या राज्यांत सार्वजनिक विश्वस्त संस्थांना १९५० चा कायदा लागू आहे. विश्वस्तांत बदल झाला, तर नव्वद दिवसांच्या आंत धर्मादाय कार्यालयास कळवावें लागतें. हें न केल्यामुळें कैक संस्थांच्या सरकारी नोंदींत दिवंगत गृहस्थ अद्यापि विश्वस्त म्हणून विराजमान असतात! २०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें मोठ्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी, असें ठरलें. हा पैसा लहान संस्थेपर्यंत पोहोंचूं शकतो. परंतु तपासलेले हिशेब, अद्ययावत नोंदणी आणि केलेल्या कामाची टिपणें दाखविल्यावांचून तो मिळत नाहीं. ज्याचीं कागदपत्रें नीट, त्याच्या शब्दास वजन.

इतकें झालें म्हणजे पुढील तीन वर्षांत करावयाचीं तीनचार कामें निवडावीं आणि प्रत्येकापुढें चार रकाने आंखावे: काम कोणतें, कोणी करावयाचें, केव्हांपर्यंत, आणि खर्च किती. दुसऱ्या रकान्यांत ‘मंडळानें’ असा शब्द घालूं नये, माणसाचें नांव घालावें. मी आयुष्यभर शिक्षकाचा पेशा केला. शाळेंत ‘शिक्षकांनीं गणित शिकवावें’ असें वेळापत्रक कधीं लागत नाहीं. कोणत्या तासास, कोणत्या वर्गावर, कोणी जावयाचें, हें लिहिलेलें असतें, म्हणूनच घंटा झाल्यावर वर्ग रिकामा राहत नाहीं.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक, तो वारसाचा. माझ्या माहितीच्या एका संस्थेचे चिटणीस अकस्मात् वारले. अत्यंत सचोटीचे गृहस्थ. वीस वर्षें त्यांनीं संस्था एकहातीं चालविली होती. त्यांच्या पश्चात् असें दिसून आलें कीं, कपाटाची किल्ली त्यांच्या घरीं, देणगीदारांचे पत्ते त्यांच्या डोक्यांत, आणि बँकेचा गुप्त संकेतांक त्यांच्याच मोबाइलवर येणार. तीन महिने नोकरांचा पगार झाला नाहीं. यांत लबाडी कोणाचीच नव्हती. होती ती केवळ निष्ठा, पण कागदावर न उतरलेली निष्ठा. म्हणून प्रत्येक पदाधिकाऱ्यानें आपल्या कामाची एक वही ठेवावी. कोणतें काम कोणत्या महिन्यांत करावयाचें, कोणत्या कार्यालयांत कोणता कागद द्यावयाचा, कोणाशीं बोलावयाचें, हें त्या वहींत असावें. किल्ली व बँकेचे व्यवहार निदान दोघांच्या हातीं असावे. आणि प्रत्येकानें आपल्या हाताखालीं एक तरुण माणूस तयार करावा. आपण तरुणांना सतरंज्या उचलावयास बोलावतों, आणि मग ते संस्थेंत टिकत नाहींत म्हणून हळहळतों! त्यांच्या हातीं हिशेबाची वही द्यावी, एखादा कार्यक्रम सर्वस्वीं सोंपवावा. दोन ठिकाणीं ते अडखळतील, तें सोसावें. ज्यास जबाबदारी मिळते त्यालाच ममत्व वाटूं लागतें.

ही सारी आखणी दोनतीन पानांत मावते आणि तीनचार सायंकाळच्या बैठकींत तयार होते. ती शोभेच्या कपाटांत ठेवूं नये. दर तीन महिन्यांनीं मंडळापुढें वाचावी. काय झालें, काय राहिलें, कां राहिलें, हें नोंदवावें. परिस्थिति बदलली तर आखणीहि बदलावी. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र बदल ठरवून करावा, विसरून होऊं देऊं नये.

कोणी म्हणतील, सेवेच्या कार्यांत एवढा व्यवहार आला, तर भावना कोठें राहिली? मला वाटतें, व्यवहार हें भावनेचें अंथरूण आहे. तें पुरेसें नसेल तर भावना उघड्यावर पडते. तळमळीवांचून संस्था जन्मास येत नाहीं, हें निर्विवाद आहे. परंतु तिला आपल्याहून अधिक आयुष्य लाभावें, अशी इच्छा असेल, तर त्या तळमळीस वही, हिशेब आणि वारस यांची जोड दिली पाहिजे.

श्रोतेहो, आपल्यांपैकीं अनेकजण कोणत्या ना कोणत्या मंडळाचे सभासद असतील. पुढच्या बैठकींत आपण एकच प्रश्न विचारावा: आपले चिटणीस उद्यांपासून सहा महिने आले नाहींत, तर आपलें काम चालेल काय? या प्रश्नावर सभेंत जी शांतता पसरेल, तीच आखणीची सुरुवात समजावी. त्याच बैठकींत एक कोरी वही आणवून पहिल्या पानावर संस्थेचा हेतु एका वाक्यांत लिहून काढावा, आणि पुढील बैठकीची तारीख ठरवूनच उठावें.